आपल्या शरीरात काय बसवलं, त्याचा कागद कुणाकडे?

गुडघा किंवा खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया आता मुंबई-पुण्याच्या पैसेवाल्यांपुरती राहिलेली नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरातही ती सर्रास होते. जालना, बीड, परभणीकडची माणसं त्यासाठी इथं येतात. राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत या शस्त्रक्रियांचा समावेश झाल्यानंतर गरीब घरांतही 'सांधा बदलणं' हा शब्द ऐकू येऊ लागला आहे. यात बायकांचा विषय वेगळा काढायचं कारण आहे. गुडघ्याची झीज पन्नाशीनंतर पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होते, अशी जगभरची नोंद आहे. त्यात आपल्याकडे उकिडवं बसून खुरपणी, वाकून कापसाची वेचणी, डोक्यावर हंडे, ऊसतोडीच्या मोळ्या, आणि घरी आल्यावर पुन्हा बसून धुणं-भांडी. आयुष्यभर इतरांसाठी वाकलेले गुडघे एक दिवस सरळ व्हायला नकार देतात. मग मुलंबाळं पैसे जमवतात, डॉक्टर सांगतात, आणि बाईच्या हाडात धातूचा सांधा बसतो.

वस्तीत काम करताना अशा बायकांना मी एक साधा प्रश्न विचारत असते: मावशी, तुमच्या पायात बसवलेल्या सांध्याचं नाव काय? कुठल्या कंपनीचा आहे? उत्तरं ठरलेली असतात. 'स्टीलचा आहे.' 'बाहेरच्या देशातला आहे म्हणे, लई टिकतो.' 'फाईल थोरल्याकडं आहे, तो पुण्याला असतो.' 'योजनेतून झालं, कागद तिथंच राहिले.' म्हशीच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो. गाडीला नंबर असतो. गॅसच्या टाकीवरही आकडे कोरलेले असतात. बाईच्या हाडात कायमची बसवलेली वस्तू मात्र तिच्यापुरती निनावी असते. डब्यावर नंबर असतो, डब्यातल्या चिकटपट्टीवर असतो, पण तिच्या हातात नसतो.

हा कागद कशाला हवा, असं कुणी विचारेल. ऑपरेशन चांगलं झालं, बाई चालू लागली, मग नाव-नंबर घेऊन काय करायचं? याचं उत्तर आपल्या देशातच घडलेल्या एका प्रकरणात आहे.

जॉन्सन अँड जॉन्सन या बलाढ्य अमेरिकी कंपनीची 'डीप्यू' नावाची शाखा हाडांचे कृत्रिम अवयव बनवत असे. तिचा 'एएसआर' नावाचा खुब्याचा सांधा होता. सामान्यतः कृत्रिम खुब्यात धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा असतो आणि तो फिरतो त्या वाटीला बहुधा प्लास्टिकचं अस्तर असतं. एएसआरमध्ये गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची. जास्त टिकेल, तरुण आणि धडधाकट माणसांना चालेल, असं सांगून तो विकला गेला. प्रत्यक्षात धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे अतिसूक्ष्म कण सुटत. ते सांध्याभोवतीच्या मांसात साठत, तिथली पेशी मरत, गाठी होत, हाड पोखरलं जाई. कोबाल्ट रक्तात उतरून वाढलं, तर कान, डोळे, हृदय, थायरॉईड यांच्यावरही परिणाम होऊ शकतो. अमेरिकेत या सांध्याच्या एका प्रकाराला २००५ साली परवानगी मिळाली तीसुद्धा माणसांवर आधी चाचणी न घेता, केवळ 'पूर्वीच्या सांध्यांसारखाच आहे' या आधारावर.

हे उघडकीला कसं आलं, ते आपल्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचं आहे. एखाद्या हुशार डॉक्टरला शंका आली एवढ्यानं ते आलं नाही. नोंदवहीमुळे आलं. ऑस्ट्रेलियात प्रत्येक बदललेल्या सांध्याची राष्ट्रीय नोंद ठेवतात. कुठला सांधा, कुणाला, कधी बसवला आणि पुन्हा कधी काढावा लागला, हे सगळं त्या वहीत असतं. त्या आकड्यांत एएसआर इतरांपेक्षा लवकर निकामी होताना दिसला आणि डिसेंबर २००९ मध्ये तो तिथल्या बाजारातून काढावा लागला. इंग्लंड-वेल्सच्या नोंदवहीत पाच वर्षांत दर शंभरातले बारा-तेरा सांधे पुन्हा काढावे लागल्याचं दिसलं. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीनं तो जगभरातून माघारी बोलावला. तोपर्यंत सुमारे ९३,००० माणसांच्या शरीरात तो बसला होता. पुढे अमेरिकेतल्या एका खटल्यात कंपनीचाच अंतर्गत अंदाज समोर आला, की पाच वर्षांत यातले चाळीस टक्क्यांच्या आसपास सांधे निकामी होतील. तिथल्या सुमारे आठ हजार रुग्णांसाठी २०१३ मध्ये अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली.

आता भारताकडे या. इथं सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत हा सांधा वापरला गेला. महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन तेव्हा महेश झगडे यांच्या हाताखाली होतं. त्या प्रशासनानं या प्रकरणाचा तपास केला, मुंबईत पोलिसांत गुन्हा नोंदवला आणि दिल्लीला कळवलं. एका राज्याचं खातं जागं झालं, हे मुद्दाम नोंदवायला हवं. पण देशाच्या औषध नियंत्रकांची या सांध्याविषयीची धोक्याची सूचना निघायला २०१३ साल उजाडलं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली ती २०१७ मध्ये. समितीचा अहवाल २०१८ च्या फेब्रुवारीत आला आणि पुढे कित्येक महिने तो लोकांसमोर आला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरच्या शोधपत्रकारांनी मिळून शरीरात बसवायच्या साधनांविषयी लेखमाला केली, भारतात ती 'इंडियन एक्स्प्रेस'नं छापली, तेव्हा कुठे हा विषय चहाच्या टेबलापर्यंत पोचला.

त्या अहवालातला एक आकडा मला झोपू देत नाही. ४,७०० पैकी फक्त १,०८० च्या आसपास रुग्णांचा पत्ता लागला. उरलेले साडेतीन हजारांहून अधिक सापडलेच नाहीत. निदान चार जणांच्या मृत्यूची नोंद समितीसमोर आली. जे सापडले नाहीत, त्यांच्यात कोण लंगडतंय, कुणाच्या रक्तात कोबाल्ट चढतंय, कोण 'वयामुळे दुखतंय' म्हणून गप्प बसलंय, हे सांगणारं कुणी नाही. समितीनं भरपाईची शिफारस केली. नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारनं वय आणि अपंगत्वाचं प्रमाण पाहून ३० लाख ते सव्वा कोटीच्या जवळपास भरपाई ठरवणारं सूत्र मान्य केलं. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २०१९ मध्ये, पडताळणी झालेल्या ६७ जणांना प्रत्येकी २५ लाख द्यायची तयारी तिनं दाखवली. चार हजार सातशे आणि सदुसष्ट. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजेच आपल्या देशातली देखरेख.

माणसं हरवली कशी? कुणी पळवून नेलं नाही. कागद हरवला म्हणून माणूस हरवला. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपून ठेवणं पुरेसं आहे. सांधा मात्र पंधरा-वीस वर्षं शरीरात राहायचा असतो. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार बदललेल्या गुडघ्यांपैकी ८२ टक्के पंचवीस वर्षं टिकतात. म्हणजे शस्त्रक्रिया मुळात चांगली आहे आणि वेदनेनं जखडलेल्या बाईनं ती करून घेण्यात काही चूक नाही, हे मी स्पष्ट सांगते. पण जी वस्तू पंचवीस वर्षं टिकते, तिचा कागद तीन वर्षांत रद्दीत जाऊ शकतो, ही कसली व्यवस्था? २००५ मध्ये बसवलेल्या सांध्याचा मालक २०१७ मध्ये शोधायला निघालात, तर काय हाती लागणार?

आणि या हरवण्यात बाई आधी हरवते, असं माझं म्हणणं आहे. विचार करून पाहा. फाईलवर नाव तिचं, पण फोन नंबर मुलाचा किंवा जावयाचा. काही वर्षांत नंबर बदलतो. पत्ता म्हणावा तर ती सहा महिने थोरल्याकडे आणि सहा महिने धाकट्याकडे. आधारकार्डावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, माहेरी तिसरं. नवरा गेला की घर बदलतं, कधी गावही बदलतं. शस्त्रक्रियेच्या संमतीवर सही नवऱ्याची किंवा मुलाची, आणि डॉक्टर समजावून सांगतात तेही त्यांनाच. 'आईला कळत नाही, तुम्ही सांगा' हे वाक्य दवाखान्यात किती सहज उच्चारलं जातं! ज्या बाईनं घरातला प्रत्येक डबा, प्रत्येक देणं-घेणं, प्रत्येक लग्नातला आहेर पन्नास वर्षं तोंडपाठ ठेवला, तिला स्वतःच्या पायातल्या वस्तूचं नाव कळणार नाही, हे ठरवणारे आपण कोण?

दुसरी गोष्ट त्याहून खोल आहे. बनवणाऱ्यांच्या आणि तपासणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शरीर कुणाचं असतं? इंग्लंड-वेल्सच्या नोंदवहीवर आधारलेला एक अभ्यास २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. खुब्याच्या हाडावर धातूची टोपी बसवण्याच्या पद्धतीची त्यात तपासणी होती. मोठ्या हाडाच्या पुरुषांत ती इतर पद्धतींच्या बरोबरीनं टिकली. बायकांत मात्र गोळ्याचं माप कितीही असो, ती कमीच पडली. अमेरिकेत पस्तीस हजारांवर खुब्यांच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सांधा निकामी होण्याचा धोका बायकांत पुरुषांपेक्षा २९ टक्क्यांनी जास्त आढळला. हा फरक कळला, कारण त्या नोंदींत बाई आणि पुरुष वेगळे मोजले होते. आपल्याकडे मोजणीच नाही, तर वेगळी मोजणी कुठून असणार? सांधेरोपण करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेनं २००६ पासून स्वतःहून नोंदवही ठेवली आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. पण ती ऐच्छिक आहे. ज्याला वाटेल तो भरतो.

स्त्री चळवळीला ही गोष्ट नवी नाही. १९८६ साली हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली आणि चिनगारी या गटांनी नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. तेव्हाचे प्रश्न आठवा. बाईला काय टोचतोय, ते तिला सांगितलं का? तिची खरी संमती घेतली का? आणि दोन-चार वर्षांनी तिला त्रास झाला, तर तिला शोधून तपासणारी यंत्रणा आहे का? इंजेक्शन असो की धातूचा सांधा, प्रश्न तेच आहेत. फरक इतकाच, की तेव्हा सरकारला बाईच्या गर्भाशयाशी देणंघेणं होतं, म्हणून गवगवा झाला. पाळी गेलेल्या, पोरं वाढवून झालेल्या बाईच्या गुडघ्याशी कुणाला देणंघेणं असणार? दुर्दैवानं आपल्या चळवळीनंही म्हाताऱ्या बाईच्या शरीराकडे फारसं पाहिलेलं नाही.

कायदे झाले नाहीत असं नाही. २०१५ मध्ये वैद्यकीय साधनांमुळे होणाऱ्या त्रासाची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याचं केंद्र गाझियाबादला आहे. वैद्यकीय साधनांचे स्वतंत्र नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय साधनं औषधांच्या कायद्याखाली आणली गेली. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणानं गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वांत जास्त वापरात असलेला कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा तोवर सरासरी १,५८,३२४ रुपयांना पडत होता, तो ५४,७२० वर आला. व्यापाऱ्यांचा आणि दवाखान्यांचा मिळून सरासरी नफा ३१३ टक्के होता, असं तेव्हा सरकारच म्हणालं.

त्या आदेशातली एक ओळ मात्र वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आली नाही, आणि आपल्या कामाची तीच आहे. रुग्णालयानं बिलात गुडघ्याच्या सांध्याची किंमत वेगळी दाखवायची, आणि सोबत त्याचं व्यापारी नाव, बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीचं नाव, बॅच नंबर आणि तपशील लिहायचा. म्हणजे कागद मागणं ही मेहेरबानीची याचना नाही. पण बिल कोण घेतं? घरातला पुरुष. योजनेतून शस्त्रक्रिया झाली तर बिल बाईच्या हाती येतच नाही. खुब्याला तर तो २०१७ चा आदेश लागूही नव्हता.

काही डॉक्टर मित्र म्हणतात, तुम्ही अशानं लोकांना घाबरवता. आधीच बायका ऑपरेशनला तयार होत नाहीत, वर हे ऐकलं तर वेदना सोसत बसतील. या म्हणण्यात तथ्य आहे. बाईनं दुखणं अंगावर काढू नये, असं मलाही वाटतं. पण भीती माहितीनं वाढत नाही, अर्धवट माहितीनं वाढते. ज्या ऑस्ट्रेलियात प्रत्येक सांध्याची नोंद होते, तिथं लोकांनी शस्त्रक्रिया करून घेणं बंद केलेलं नाही. उलट, वाईट सांधा लवकर हुडकला जातो म्हणून चांगल्यावर विश्वास बसतो. कागदपत्रांचा बोजा वाढेल, हेही ऐकलं. जो दवाखाना विमा कंपनीकडून पैसे घ्यायला चाळीस पानं भरतो, त्याला रुग्णासाठी एक पान जड होऊ नये.

आणखी एक सांगते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास बनवणाऱ्याला जबाबदार धरण्याची तरतूद आली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पण तिथं पहिला प्रश्न येणार: कुठली वस्तू? कुणी बनवलेली? बॅच कुठली? ज्या बाईकडे कागद नाही, तिच्यासाठी न्यायाचं दार उघडं असूनही बंदच. सांध्याच्या कागदाचा आग्रह मी धरते तो यासाठी. उपचार, तपासणी, सावधगिरीची सूचना, भरपाई, सगळं त्या एका कागदावर अडतं.

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात:

१) सांधा बसवलेल्या प्रत्येक व्यक्तीला, तिच्या स्वतःच्या हातात, मराठीतलं ओळखकार्ड मिळावं. त्यावर सांध्याचं नाव, कंपनी, बॅच आणि अनुक्रमांक, शस्त्रक्रियेची तारीख आणि डॉक्टरांचं नाव असावं. सरकारी योजनेतले पैसे रुग्णालयाला हे कार्ड दिल्याच्या पुराव्याशिवाय मिळू नयेत.

२) राज्यात सांधेरोपणाची सक्तीची नोंदवही असावी. खाजगी आणि सरकारी, दोन्ही रुग्णालयांना ती बंधनकारक असावी. आकडे बाई-पुरुष असे वेगळे दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत.

३) शरीरात कायम राहणाऱ्या वस्तूचे कागद ती वस्तू शरीरात आहे तोवर जपले जावेत. तीन वर्षांचा नियम इथं लावू नये.

४) एखादा सांधा माघारी बोलावला गेला, तर ती सूचना इंग्रजी संकेतस्थळावर पडून राहू नये. मराठी वर्तमानपत्रं, आकाशवाणी, आशाताई यांच्यामार्फत ती गावागावांत पोचावी, आणि रुग्ण शोधण्याचा खर्च कंपनीनं करावा.

५) अन्न व औषध प्रशासनाच्या विभागीय कार्यालयांत वैद्यकीय साधनं समजणारी माणसं नेमावीत. तपास मुंबईपुरता राहू नये.

सरकार हे करेल तेव्हा करेल. तोवर आपण काय करायचं? आपल्या बचत गटांत, महिला मंडळांत, भजनी मंडळांतसुद्धा ज्यांचे गुडघे-खुबे बदललेत, त्यांची एक बैठक घ्या. फाईल मुलाकडून मागवून घ्या. त्यात सांध्याच्या डब्यावरच्या चिकटपट्ट्या लावलेल्या असतील तर पाहा, नसतील तर रुग्णालयाकडे लेखी अर्ज करा. मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद देण्याचं बंधन त्याच २००२ च्या नियमांत आहे. एक प्रत आपल्या पेटीत, एक शेजारणीकडे. जिची शस्त्रक्रिया व्हायची आहे, तिनं आधीच विचारावं: डॉक्टरसाहेब, कुठला सांधा बसवणार? किती वर्षं वापरात आहे? बायकांत कसा टिकतो? पुढे दुखलं, सुजलं, सांध्यातून आवाज आला, जांघेत कळ आली, तर 'वय झालं' हे उत्तर घेऊन परत येऊ नये. साधनामुळे त्रास झाल्याची नोंद आपणही करू शकतो, त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे.

मैत्रिणींनो, आपलं शरीर आपलं आहे, ही घोषणा आपण चाळीस वर्षं देत आलो. ती तरुण बाईपुरती नव्हती. साठीच्या, सत्तरीच्या बाईचं शरीरही तिचंच आहे, आणि त्यात बसवलेला धातूसुद्धा. त्याचा कागद तिच्या नावानं, तिच्या भाषेत, तिच्या हातात असला पाहिजे. पुढच्या अंकापर्यंत आपापल्या गावांतून किती जणींकडे असा कागद आहे आणि किती जणींकडे नाही, एवढं मोजून कळवा. नोंदवहीची सुरुवात आपणच करू.